सात वाजताचं मनगट

सकाळी मोबाइलवर सात वाजले की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली तेवीस माणसं हातातलं काम टाकून आपल्याच मनगटाचा फोटो काढायची. कुणाचा हात धार काढून आलेला, कुणाचा टोमॅटोच्या क्रेटवर टेकलेला, तर कुणाचा एसटीच्या दांड्याला धरलेला. मनगटावर त्या दिवशीचं घड्याळ. फोटो लगेच ग्रुपवर पडायचा. ग्रुपचं नावच होतं 'मनगट, सात वाजता'.

या ग्रुपात महागडं घड्याळ क्वचितच दिसे. सगळा शौक जुन्या, चावीच्या घड्याळांचा. नियम दोनच होते. घड्याळ पेटीतलं नको, हातावर बांधलेलं हवं. आणि फोटोआधी काटे सरकवायचे नाहीत, घड्याळ मागं असेल तर मागं, पुढं असेल तर पुढं, जसं आहे तसं दाखवायचं.

सगळे फोटो आले की पिंपळीचा जोतीराम चष्मा पुसून बसायचा. एकेक फोटो मोठा करून काटे वाचायचा आणि प्रत्येकाखाली दोन शब्द लिहायचा. 'दीड मिनिट मागं. पट्टा झकास.' 'तीन मिनिटं पुढं. चावी जास्त पिळताय.' हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं, पण ते त्याचंच आहे हे सगळ्यांना मान्य होतं.

त्याला कारण होतं. जोतीरामनं एकतीस वर्षं कालव्यावर पाटकरी म्हणून नोकरी केली होती. चारीला, म्हणजे कालव्याच्या फाट्याला, पाणी सुटलं की कुणाच्या रानात किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी जाणार, हे पाटकऱ्यानं सांगायचं. एका रानाचं दार बंद करून दुसऱ्याचं उघडायचं. उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पाळीला पाच मिनिटांवरून कुऱ्हाडी निघालेल्या त्यानं पाहिल्या होत्या. आणि त्याच कुऱ्हाडी, 'जोतीरामच्या घड्याळात वाजलेत' एवढ्या शब्दावर खाली ठेवलेल्याही पाहिल्या होत्या. ते घड्याळ म्हणजे एचएमटी कंपनीचं साधं 'जनता' मॉडेल. पहिल्या वर्षाच्या पगारातून घेतलेलं. दिवसाला बारा सेकंद पुढं जायचं. ना अकरा, ना तेरा. दर पाचव्या दिवशी तो मिनिट काटा एक घर मागं घ्यायचा. सोयऱ्यासाठी, भावकीसाठी किंवा चहापाण्यासाठी त्या काट्याला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं. नोकरी संपली, पण चारीवरची माणसं अजून रस्त्यात थांबवून त्याला वेळ विचारायची, खिशात मोबाइल असताना.

इंदापूरजवळच्या वस्तीवरचे आबासाहेब त्याचे जिवाभावाचे दोस्त. ऊस बागायतदार, कारखान्याचे जुने सभासद, वयानं जोतीरामपेक्षा तीन वर्षांनी मोठे. घड्याळाचं वेड त्यांना जोतीराममुळेच लागलं. त्याचं जनता पाहून त्यांनी हुबेहूब तसलंच शोधून आणलं. पण ते हट्टी निघालं. दिवसाला चार-चार मिनिटं मागं पडायचं. ग्रुपवर त्यांची थट्टा व्हायची. आबांचं घड्याळ उसाच्या बैलगाडीनं येतं, असं कुणीतरी एकदा लिहिलं आणि मग ते त्यांना चिकटलंच. आबा वरवर हसायचे.

जोतीराम मात्र त्यांना शिकवत राहिला. त्याचा स्वभावच तसा होता. न येणाऱ्याला येईपर्यंत सांगायचं, चिडायचं नाही. चावी रोज एकाच वेळी द्या, आबा. पिळवटू नका, अडली की थांबा. विहिरीच्या मोटारीच्या पेटीजवळ जाताना घड्याळ काढून ठेवा, चुंबकानं बिघडतं. रात्री उशाशी ठेवताना तबकडी वर करून ठेवा. आबा मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता त्यांचा फोटो पुन्हा चार मिनिटं मागं.

ग्रुपात दोन पद्धती पडल्या होत्या. एक अदलाबदलीची. दर महिन्याला चिठ्ठीतून दोन नावं निघत, त्या दोघांनी आठवडाभर एकमेकांचं घड्याळ बांधायचं. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातावर कशी दिसते ते पाहायचं आणि आठवड्यानं स्वतः जाऊन परत करायची, पोरासोरांच्या हाती धाडायची नाही. दुसरी पद्धत जानेवारीतल्या शर्यतीची. एक तारखेला काटे बरोबर लावायचे आणि तीस दिवस फक्त चावी द्यायची. काट्यांना हात नाही. शेवटी ज्याच्या घड्याळात सगळ्यांत कमी फरक, त्याला हुरड्याच्या दिवशी फेटा. घड्याळ मात्र स्वतःचं हवं. जोतीराम दोन वर्षं ओळीनं जिंकला. तिसऱ्या वर्षी त्यानंच सांगितलं की आता दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे. तेव्हा सगळ्यांनी त्याला पंच केलं.

त्या डिसेंबरात अदलाबदलीची चिठ्ठी निघाली, ती नेमकी जोतीराम आणि आबासाहेब यांची.

आठवड्यानं आबा स्वतः पिंपळीला आले. आदल्या दिवशी, पट्टा बदलायचाय म्हणून, त्यांनी जोतीरामकडून आपलंही घड्याळ नेऊन संध्याकाळी परत आणून दिलं होतं. छबूबाईनं, म्हणजे जोतीरामच्या बायकोनं, पिठलं-भाकरी केली. आबांनी घड्याळ रुमालातून काढून दोन्ही हातांनी जोतीरामला दिलं. जोतीरामनं त्यांचं त्यांना दिलं आणि परत एकदा चावीबद्दल सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं.

जानेवारी लागला आणि ग्रुपवर नवल घडू लागलं. पाचव्या दिवशी आबांचं घड्याळ फक्त एक मिनिट पुढं होतं. दहाव्या दिवशी दोन मिनिटं. जोतीरामनं फोटो मोठा करून तीनदा पाहिला आणि त्याला जो आनंद झाला, तो स्वतःच्या दोन फेट्यांच्या वेळीही झाला नव्हता. त्यानं लिहिलं, 'आबा, झकास. तुमचं घड्याळ माझ्याच वळणावर गेलं.' खाली वीस जणांनी हात जोडले. आबांनी उत्तर दिलं, 'गुरूची कृपा.' जोतीरामनं तो शब्द छबूबाईला वाचून दाखवला. केस पिकले तरी माणूस शिकतो, वय आडवं येत नाही, असं काहीबाही तो बराच वेळ बोलत राहिला. पंधरवडाभर रोज सकाळी त्यानं आबांच्या फोटोखाली शाबासकी लिहिली.

त्याच्या स्वतःच्या जनताचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. दिवसाला चार मिनिटं मागं पडू लागलं. आधी त्याला वाटलं थंडीनं असेल. मग वाटलं आपल्याच हाताला कंप सुटलाय, चावी नीट बसत नसेल. छबूबाई म्हणाली, तुमच्यासंगं ते बी रिटायर झालं. त्यावर तो हसला, पण ते त्याला लागलं. एकतीस वर्षं ज्यावर चारीनं भरवसा ठेवला, ते असं हातातल्या हातात थकावं, याचं त्याला वाईट वाटत राहिलं. चारीवरच्या एका शेतकऱ्यानं रस्त्यात वेळ विचारली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्यानं खिशातला मोबाइल काढून पाहिला.

शर्यत संपायला चार दिवस असताना तो बारामतीला महिपतीकडे गेला. महिपती घड्याळजी. त्याचं दुकान म्हणजे बसायच्या जागेसकट एक पानाची टपरी व्हावी एवढं. तोही ग्रुपातलाच. जोतीरामनं घड्याळ काचेवर ठेवलं आणि चार मिनिटांची तक्रार सांगितली. महिपतीनं डोळ्यावरचं भिंग वर केलं आणि तो गोंधळून त्याच्याकडे पाहू लागला.

"तात्या, ह्ये मागं पडणारच की. आबांचं मशीन हाय ह्ये."

जोतीरामला कळलं नाही. तो म्हणाला, घड्याळ माझं आहे. महिपतीनं मागचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत महिपतीच्याच हातानं कोरलेल्या तारखा होत्या, दर साफसफाईची एक. त्या जोतीरामच्या घड्याळाच्या. आतलं मशीन मात्र काळवंडलेलं, तेल सुकलेलं. मग महिपतीनं हळूहळू सगळं सांगितलं. डिसेंबरात आबा दोन्ही घड्याळं घेऊन आले होते. जोतीराम यंदा पंच आहे, त्याचं मशीन रिकामंच राहणार, म्हणून त्यानं ते मला कायमचं दिलं, आतलं आत बदलून दे, असं आबा म्हणाले होते. दोन्ही एकाच जातीची, अर्ध्या तासाचं काम.

"मला वाटलं तुमी दिलंच. तुमची दोस्ती ठावं हाय आमाला. म्हणून तर मी ग्रुपवर काय बोललो न्हाय."

जोतीराम दुकानाच्या फळीवर टेकला. महिपतीनं चहा मागवला, तो तसाच निवला. जोतीरामच्या डोळ्यांपुढं मशीन नव्हतं. तो मनात आपणच लिहिलेली वाक्यं वाचत होता. आबा, झकास. माझ्याच वळणावर गेलं. पंधरा दिवस, रोज सकाळी, चष्मा पुसून. आणि तिकडं आबा ती वाचत होते, त्याचंच मशीन हातावर बांधून. चोरी झाली असती तर माणूस ओरडून मोकळा झाला असता. इथं त्यानंच चोराची पाठ थोपटली होती.

त्यानं झाकण लावून घेतलं, घड्याळ हातावर बांधलं आणि इंदापूरची एसटी पकडली.

आबांच्या फडात ऊसतोड चालू होती. आबा बांधावर खुर्ची टाकून बसले होते. जोतीरामला असं न सांगता आलेलं पाहून ते उठले, पाणी मागवलं. जोतीरामनं आपला हात पुढं केला आणि त्यांच्या घड्याळाशेजारी धरला. दोन जनता, दोन वेळा. आबांनी दोन्हीकडं पाहिलं आणि ते खुर्चीत बसले.

"महिपतीनं सांगितलं व्हय," ते म्हणाले.

जोतीरामनं मान हलवली. आबांनी एका तोडणाऱ्याला मोळ्या बांधाकडं टाकायला सांगितलं. मग त्यांनी जे सांगितलं, ते सांगतानाही त्यांचा आवाज जड नव्हता, याचंच जोतीरामला जास्त नवल वाटलं. यंदा तुझं मशीन पडूनच राहणार होतं. फेब्रुवारीत पुन्हा महिपतीकडून गपचूप बदलून आणणार होतो. तुझं काय झिजलं? दहा वर्षं लोक मला बैलगाडी म्हणतात, कारखान्याच्या सभेतसुद्धा एकानं म्हणून दाखवलं. एकदा फेटा बांधला की तोंडं बंद होतील, एवढंच.

"मागितलं असतं तर मी दिलं असतं, आबा."

"दिलं असतंस. पर मग मी जिंकलो असतो व्हय?"

 शिकवणाऱ्या माणसाची एक खोड असते. समोरचा चुकला, की त्याला दुरुस्त करायची संधी दिल्याशिवाय त्याच्यानं राहवत नाही. तो म्हणाला, मी कुणाला सांगणार नाही. रविवारी हुरड्याला सगळे जमतील तेव्हा तुम्हीच उठून सांगा. हसत सांगितलंत तरी चालेल, थट्टेवारी नेलीत तरी चालेल. पण तुमच्या तोंडानं येऊ द्या. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगतो म्हणाले. निघताना उसाची मोळी बांधून दिली. एसटीत ती मोळी मांडीवर घेऊन बसलेला जोतीराम जाताना होता त्यापेक्षा हलका होता. त्याला वाटलं, दोस्ती वाचली.

हुरडा आबांच्याच रानात होता. उसाच्या कडेला मुद्दाम राखलेली ज्वारीची पट्टी, आगटीवर कणसं, चटणी, गूळ, दही. बावीस जण जमले. इंदापूर फेरीवरची एसटी कंडक्टर सुकन्या ड्यूटी संपवून खाकी कपड्यांतच आली होती. हुरडा खाताना सगळे एकमेकांची मनगटं हातात घेऊन पाहत होते. आबांचं मनगट तर हातोहात फिरलं.

खाणं झाल्यावर आबा बोलायला उठले. यजमान म्हणून पहिला मान त्यांचा. जोतीराम मांडीवर कागद घेऊन बसला होता. तो वाट पाहत होता. आबांनी सगळ्यांचं स्वागत केलं, यंदाच्या उसाबद्दल दोन शब्द बोलले, बैलगाडीची आठवण काढून सगळ्यांना हसवलं. आता सांगतील, जोतीरामला वाटलं. आणि आबा म्हणाले,

"मला तर काय येत हुतं? जोतीरामनं हात धरून शिकवलं. चावी कशी द्यायची, कवा द्यायची. त्यानं सांगितलं तसं केलं, म्हणून आज ह्ये दिवस दिसला."

टाळ्या वाजल्या. काही जण जोतीरामच्या पाठीवर थोपटू लागले. आबांनी त्याच्याकडं पाहून हात जोडले, आणि त्यांच्या नजरेत कसलीही विनवणी नव्हती. असलाच तर भरवसा होता, की हा काही बोलायचा नाही. जोतीरामला त्या नजरेचा अर्थ पोचला. मशीन चोरलं तेव्हा आबांना फेटा हवा होता, हे तो समजू शकला होता. पण शिकवणं ही त्याची स्वतःची गोष्ट होती. आबांनी आज खोटं झाकायला तीच पांघरली होती.

कुणीतरी गुलाबी फेटा उलगडला. पंचांनी निकाल वाचावा, असा पुकारा झाला. जोतीराम उठला. त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला आणि पाळीचं पत्रक वाचावं तसं एका सुरात वाचू लागला. नाव, घड्याळ, फरक. बाविसावा, एकविसावा, विसावा. पंधरा मिनिटं मागं. चौदा मिनिटं पुढं. दुसऱ्या नंबरावर सुकन्या होती, नऊ मिनिटं मागं. तिथं तो थांबला आणि त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. पुढचं वाचायची गरज नव्हती.

"आबासाहेब. एचएमटी जनता. तीस दिवसांत सहा मिनिटं पुढं. केस आबांची, मशीन माझं."

दोघं-तिघं हसले. त्यांना वाटलं गुरुशिष्याचा विनोद आहे. मग जोतीराम बसला नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. सगळ्यांनी महिपतीकडं पाहिलं, कारण अशा गोष्टीचा साक्षीदार तोच असू शकत होता. महिपती खाली मान घालून म्हणाला, खरं हाय, माझ्याच हातानं बदललंय, मला येगळं सांगितलं हुतं. आगटीत एक कणीस जळत होतं. ते कुणी काढलं नाही.

आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते जोतीरामच्या जवळ आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

"माझ्या रानात बसून, माझा हुरडा खाऊन, माझीच इज्जत काढलीस?"

जोतीराम म्हणाला, "मी चार दिस वाट बघितली, आबा. आत्ता तुमी उठला तवाबी बघितली."

आबांनी हातातलं घड्याळ सोडलं आणि जोतीरामच्या कागदावर टाकलं. घेऊन जा म्हणाले, आणि घराकडं चालू लागले. फेटा सुकन्येला बांधला. तिनं बांधून घेतला, पण फोटो काढू दिला नाही. माणसं लवकर पांगली. एरवी उसाचा रस होईपर्यंत कुणी हलायचं नाही.

सोमवारी महिपतीनं दोन्ही घड्याळं उघडली. जोतीरामचं मशीन त्याच्या केसमध्ये गेलं. मग जोतीरामनं आबांचं मशीन पुढं सरकवलं आणि हे पूर्ण खोलून साफ कर, तेल दे, जो भाग झिजला असेल तो बदल, असं सांगितलं. महिपती म्हणाला, तात्या, हे तुम्ही कशापायी करताय? जोतीराम म्हणाला, घड्याळानं काही केलेलं नाही. दोन दिवस तो दुकानात फळीवर बसून महिपतीचं काम बघत राहिला. स्प्रिंगमध्ये केसाएवढा कचरा अडकलेला निघाला. एवढ्याशा कचऱ्यानं ते दहा वर्षं मागं पडत होतं. आबांनी एकदा कुणाला ते उघडून दाखवलं असतं, तरी भागलं असतं.

परत करायला मात्र तो गेला नाही. पद्धत मोडून त्यानं डबी बारामतीच्या स्टँडवर सुकन्येच्या हातात दिली. आबांच्या फाट्यावर बस थांबली की द्या, म्हणाला. तिनं विचारलं, निरोप काय सांगू? जोतीराम बसच्या पायरीजवळ उभा राहिला. चावी एकाच वेळी द्या, पिळवटू नका, हे सगळं सवयीनं जिभेवर आलं होतं.

"निरोप न्हाय," तो म्हणाला.

नऊ दिवस आबांचा फोटो आला नाही. ग्रुपवर कुणी त्यांचं नाव काढलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी सात वाजता आला. तेच मनगट, तेच जनता, मागं बांध आणि तोडलेल्या उसाचं पाचट. खाली लिहिलं होतं, 'जोतीराम, बघ की आता.'

जोतीराम ओट्यावर बसला होता. छबूबाईनं चहा आणून ठेवला आणि त्याच्या खांद्यावरून वाकून फोटो पाहिला. मग ती आत गेली. इतर कुणीही त्या फोटोखाली काही लिहिलं नव्हतं; सगळे थांबले होते. त्यानं फोटो मोठा केला. काटे वाचले. घड्याळ चांगलं चाललं होतं, आबांच्या हातावर ते इतकं चांगलं कधीच चाललं नव्हतं.

त्यानं रोजच्यासारखं सगळ्यांना लिहिलं. सुकन्येला, नवा पट्टा शोभतो. महिपतीला, काच पुसत जा. आबांच्या फोटोखाली त्यानं लिहिलं, 'अर्धं मिनिट पुढं.' त्यापुढं काही लिहिलं नाही. चहा संपवला आणि तो ढोबळी मिरची तोडायला रानात गेला.